चौदाव्या दिवसापासून

तेराव्याचे जेवण आटोपते. परगावचे आप्त गाड्यांच्या वेळा पाहून निघतात. मुलगा रजा वाढवून आणखी चार दिवस राहतो. मुलगी दोन दिवस पुरेल एवढी भाजी करून फ्रिजमध्ये ठेवते. मग एका सकाळी दार लागते आणि घरात एकच माणूस उरतो. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत प्रथमच एका माणसापुरता भात लावायचा असतो, आणि तांदूळ किती घ्यायचे हे हाताला ठाऊक नसते.

आपल्या रूढीने दुःखाचे पहिले तेरा दिवस माणसांनी भरून टाकले आहेत, आणि त्यात शहाणपण आहे. परंतु जोडीदार गमावलेल्या व स्वतंत्र राहणाऱ्या वृद्ध व्यक्तीच्या प्रकृतीची खरी कसोटी चौदाव्या दिवशी सुरू होते. पुढचे साधारण सहा महिने विशेष जपण्याचे असतात. ज्यांच्यावर हा प्रसंग आला आहे त्यांनी, आणि त्यांच्या मुला-सुनांनी व लेकी-जावयांनीही, या सहा महिन्यांकडे डोळसपणे पाहावे, यासाठी हा लेख.

‘पाठोपाठ गेले’ असे आपण एखाद्या दांपत्याविषयी हळहळून म्हणतो. हा केवळ भावनेचा भाग नाही. इंग्लंडमधील डॉ. कॉलिन मरे पार्क्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी पत्नी गमावलेल्या, ५५ वर्षांवरील ४,४८६ पुरुषांचा नऊ वर्षे मागोवा घेतला आणि १९६९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पहिल्या सहा महिन्यांत त्यांच्यातील मृत्यूंचे प्रमाण त्याच वयाच्या विवाहित पुरुषांपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी अधिक होते; पुढे ते हळूहळू पूर्वपदावर आले. सर्वांत ठळक वाढ हृदयविकाराने झालेल्या मृत्यूंत होती. तीव्र मानसिक आघाताने हृदयाचा स्नायू तात्पुरता दुबळा पडतो, अशी एक अवस्था १९९० मध्ये जपानी डॉक्टरांनी वर्णिली. तिच्यात हृदयाचा आकार तिकडच्या ऑक्टोपस पकडण्याच्या मडक्यासारखा दिसतो, म्हणून त्या मडक्याचेच ‘ताकोत्सुबो’ हे नाव तिला मिळाले. ती मुख्यतः रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांत आढळते आणि बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत बरे होतात. मात्र तिची लक्षणे हुबेहूब हृदयविकाराच्या झटक्यासारखी असतात. म्हणून छातीत दुखले, धाप लागली, तर ‘दुःखामुळे होत असेल’ असे म्हणून घरी बसू नये. निदान रुग्णालयातच होते.

तरीही हृदयावरील थेट आघातापेक्षा रोजच्या जीवनातील एक साधी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. दोन वृद्ध माणसे एकत्र राहतात, तेव्हा त्यांच्या प्रकृती सुट्या-सुट्या नसतात. एकाची गोळी दुसऱ्याच्या लक्षात असते. एकाला कमी ऐकू येते, तर दाराची घंटा दुसरा ऐकतो. ‘आज चेहरा उतरलेला दिसतोय’ हे डॉक्टरांच्या आधी जोडीदार सांगतो. ही वाटणी कधी कोणी ठरवलेली नसते आणि कुठे लिहिलेलीही नसते. म्हणून माणूस गेल्यावर त्याच्यासोबत नेमकी कोणती कामे गेली, हे कोणाच्याच ध्यानात येत नाही. औषधांचा डबा कुठे असतो हे ठाऊक नसलेले आजोबा आणि बँकेची पायरी एकटीने कधी न चढलेल्या आजी आपल्या प्रत्येकाच्या परिचयात असतील.

आपण स्वतः या स्थितीत असाल, तर एक वही घ्या आणि आठवेल तसे लिहीत जा: ते गेले किंवा ती गेली, तेव्हापासून घरात कोणते काम होईनासे झाले? एका बैठकीत ही यादी पुरी होणार नाही. पाण्याचा फिल्टर बदलणे, रात्री गॅस बंद आहे ना ते पाहणे, रक्तदाब मोजून आकडा मांडून ठेवणे, दर महिन्याला औषध दुकानात चिठ्ठी पाठवणे, ही कामे पंधरा दिवसांनी, महिन्याने एकेक करून उघडी पडतात. प्रत्येकापुढे ते आता कोण करणार, त्याचे नाव लिहावे. काही ठिकाणी स्वतःचेच नाव येईल, तेही चांगलेच.

या यादीत पहिला मान जेवणाचा. ‘एकट्यासाठी काय स्वयंपाक करायचा’ हे वाक्य आपल्याकडे इतक्या सहजपणे उच्चारले जाते, की त्यातला धोका कोणाला जाणवत नाही. रात्रीचे जेवण आधी दूध-पोळीवर येते, मग चहा-खारीवर, मग तेही सुटते. वजन उतरते, स्नायू झिजतात, चालताना तोल जाऊ लागतो. मधुमेहींसाठी तर हा धोका तातडीचा आहे. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्शुलिन सवयीने घेतले आणि जेवण मात्र टाळले, तर रक्तातील साखर एकाएकी उतरते. दरदरून घाम, हातांना कंप, असंबद्ध बोलणे ही तिची लक्षणे. माणूस शुद्धीवर असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्यायला द्यावी आणि मग जेवू घालावे; शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. घरात एकटे असताना हे करणार कोण? म्हणून भूक मंदावली आहे ही गोष्ट डॉक्टरांना वेळीच सांगावी. औषधाची मात्रा ते बदलतील. आपल्या मनाने गोळी बंद करू नये. डबा लावण्यात कमीपणा मानू नये, आणि दिवसातले एक तरी जेवण कोणाच्या सोबतीने व्हावे, असे पाहावे.

झोप उडणे हे या काळात स्वाभाविकच. कोणीतरी आप्त मायेपोटी स्वतःकडची झोपेची गोळी काढून देतो. ती घेऊ नये. अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांनी वृद्धांत पडण्याचा व गोंधळल्यासारखे होण्याचा धोका वाढतो, आणि त्यांची सवय जडते ती वेगळीच.

आणखी एक अनुभव अनेकांना येतो आणि ते तो लपवतात. संध्याकाळी दाराशी ओळखीची चाहूल लागते, स्वयंपाकघरातून हाक ऐकू येते, पलंगाच्या त्या बाजूला कोणी बसल्याचा भास होतो. आपल्याला वेड तर लागत नाही ना, अशी धास्ती वाटते. वेल्समधील डॉ. डेवी रीस यांनी १९७१ साली जोडीदार गमावलेल्या २९३ व्यक्तींची पाहणी प्रसिद्ध केली; त्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना असे काही जाणवले होते, आणि बहुतेकांनी ते तोपर्यंत कोणालाही सांगितले नव्हते. पुष्कळांना त्या जाणिवेने दिलासाच मिळाला होता. तेव्हा घाबरू नये. मात्र भास त्रासदायक असतील, ते आज्ञा देत असतील किंवा दिवसेंदिवस वाढत असतील, तर डॉक्टरांना सांगणे अगत्याचे आहे.

आता मुलांशी दोन शब्द.

फोनवर ‘जेवलात का?’ असे विचारले, तर उत्तर ‘हो’ असेच येते. आईवडील मुलांना काळजीत टाकत नाहीत. त्याऐवजी ‘आज काय केलं होतं?’ असे विचारा. भेटीला गेलात, तर फ्रिज उघडून पाहा, औषधांच्या पट्ट्यांतील उरलेल्या गोळ्या मोजा, अंगावरचे कपडे सैल झालेत का ते पाहा. आणि एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवा. पती किंवा पत्नी दुसऱ्याचा विसराळूपणा वर्षानुवर्षे झाकून नेते, नावे सुचवते, हिशेब सांभाळते. ती गेल्यावर वडील ‘एकदम बदलले’ असे वाटते, तेव्हा तो केवळ शोक असेलच असे नाही. स्मृतिभ्रंश आधीपासून असेल आणि आता उघड झाला असेल. तीच ती गोष्ट पुन्हा पुन्हा विचारणे, ओळखीच्या रस्त्यावर चुकणे, बिले दोनदा भरणे, असे दिसले तर तपासणी लांबवू नये.

दुसरे असे, की ‘आता आईला आम्हीच घेऊन जातो’ हा निर्णय तेराव्याच्या मांडवात होऊ नये. हेतू चांगलाच असतो. पण आईचे डॉक्टर, भाजीवाली, बागेतला बाक, ज्येष्ठ नागरिक संघाची मंगळवारची बैठक हे सारे तिच्या घराभोवती असते. जोडीदारापाठोपाठ तेही एका फटक्यात गेले, तर बंगळुरूच्या किंवा न्यू जर्सीच्या घरात ती माणसांत असूनही एकटी पडते. वारंवार पडणे किंवा स्मृतिभ्रंश यांसारखे कारण नसेल, तर निदान वर्षभर घर मोडू नये. चार-सहा आठवडे मुलांकडे जाऊन यावे, आपले घर आपल्या जागी असावे. याच काळात घर नावावर करून देण्याच्या कागदांवर सही करण्याची घाईही नको. देखभालीच्या अटीवर दिलेली मालमत्ता ती अट मोडल्यास परत मिळवण्याची सोय २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात आहे. परंतु अट दस्तात स्पष्ट लिहिलेली नसेल, तर वाट बिकट होते.

स्त्रियांच्या वाट्याला याखेरीज आणखी एक काच येतो. काल जिला हळदीकुंकवाला आग्रहाने बोलावणे असे, तिच्या दारावरून आज शेजारणी पुढे जातात. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर गावांनाही तसे आवाहन केले. शहरातल्या आपल्या सोसायट्यांनी असा ठराव केल्याचे मी तरी ऐकलेले नाही. सत्तरीच्या बाईचे लोकांत जाणे-येणे तोडणे हे तिच्या प्रकृतीला अपायकारक आहे. एवढे कारणही पुरे नाही का?

शोकाला मुदत नसते, तरी वैद्यकशास्त्राने काही खुणा ठरवल्या आहेत. सहा महिने ते वर्ष उलटल्यावरही रोजचे जगणे ठप्प असेल, ओढ तिळमात्र कमी होत नसेल, जगण्यात अर्थ उरला नाही असे सतत वाटत असेल, तर तो उपचार करण्याजोगा विकार समजला जातो आणि उपचारांचा उपयोग होतो. मरणाचे विचार मनात आले, तर मात्र एक दिवसही थांबू नये. टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी विनामूल्य बोलता येते. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे.

राहता राहिली व्यवहाराची एक गोष्ट. एकटे असताना स्नानगृहाची कडी आतून लावू नये. मोबाइल उशाशी ठेवावा. आणि जोडीदाराच्या जुडग्यातली घराची किल्ली आता खुंटीवर नुसती टांगलेली असेल. ती समोरच्या बिऱ्हाडात द्यावी, आणि सकाळी नऊपर्यंत आपल्या दारातले दूध आत गेलेले दिसले नाही, तर बेल वाजवा, एवढे त्यांना सांगून ठेवावे.