दौंडची तारीख आणि बुडालेला रोज

पुणे–सोलापूर रस्त्यावरचे कासुर्डी हे गाव टोलनाक्यामुळे पुष्कळांना ठाऊक झाले. या गावातल्या एखाद्या भगिनीला नवऱ्याने घराबाहेर काढले, तर तिने दाद मागायची कुठे? पश्चिमेला पुणे. तिथे १९८९ पासून कौटुंबिक न्यायालय आहे, विवाह समुपदेशक आहेत. पण त्याची हद्द शहरापुरती. १९८४ च्या कायद्याने दहा लाखांवर वस्तीच्या शहरांसाठी असे न्यायालय बंधनकारक केले, बाकी ठिकाणी ते सरकारच्या मर्जीवर सोडले. म्हणून ही बाई पूर्वेला दौंडला जाते. तिथे पोटगीचा अर्ज न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालतो आणि त्याच बोर्डावर चोरी-मारामारीचे खटलेही असतात. तारीख पडते. एक तारीख म्हणजे एक रोज बुडाला, वर एस.टी.चे भाडे. नवरा गैरहजर राहिला की पुन्हा तेच.

बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलासाठी १९५१ साली मंत्रिपद सोडले. त्यानंतर आलेला १९५५ चा विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे. हक्क कागदावर आले. आमची भगिनी हरते ती तारखांनी आणि माहिती नसल्याने.

पहिली गोष्ट वकिलाची. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळतो, मग तिचे उत्पन्न कितीही असो. तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज करावा, किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करावा. शिवाय पोटगी, घटस्फोट, मालमत्ता आणि हिंसाचार या प्रकरणांत महाराष्ट्र सरकारने १९९४ पासून स्त्रियांना कोर्ट फी माफ केली आहे. तरी ‘फी भरावी लागेल’ म्हणून पैसे उकळणारे भेटतात, त्यांना पावती मागा!

अर्ज करतानाच अंतरिम पोटगी मागावी. नवऱ्याला नोटीस मिळाल्यापासून शक्यतो साठ दिवसांत त्यावर निकाल व्हावा, असे कायदाच सांगतो. २०२० साली रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही बाजूंना मिळकतीचे प्रतिज्ञापत्र सक्तीचे केले आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असे सांगितले. म्हणजे नवऱ्याने तारखा वाढवून त्याचा फायदा होत नाही. ‘मी बेकार आहे’ असे तो म्हणेलच. त्याच्या नावचा सातबारा काढून जोडा. ऊस कारखान्याला जात असेल तर तेही अर्जात लिहा.

विहारात लग्न झाले, नोंदणी राहिली, अशी आपल्याकडे अनेक घरे आहेत. लग्नपत्रिका, फोटो, रेशनकार्ड, मुलांचे जन्मदाखले जपून ठेवावेत. पोटगीच्या अर्जाला लग्नाचा अगदी काटेकोर पुरावा लागत नाही. तरीही ग्रामसेवकाकडे नोंद करून टाकावी, हे बरे.

सर्वांत हाल परगावाहून आलेल्या स्त्रियांचे. मराठवाड्यातून ऊसतोडीला किंवा गुऱ्हाळावर आलेली बाई फडावरच टाकून दिली, तर तिला गावी परत जाऊन खटला भरा असे सांगितले जाते. ते चूक आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली ती तात्पुरती राहते किंवा काम करते तिथेही अर्ज चालतो. कोपीत राहणे हेही राहणेच.

आदेश मिळाला आणि पैसे आले नाहीत, तर वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत टाकावा लागतो. वर्ष उलटले की ती थकबाकी त्या मार्गाने वसूल होत नाही. म्हणून आदेशाची नक्कल त्याच दिवशी मागून घ्यावी.