अपराधाची रुजवात

तैवानात १९४९ साली जारी झालेल्या लष्करी कायद्याचा अंमल १९८७ पर्यंत चालला, आणि त्या प्रदीर्घ काळात निषिद्ध पुस्तक वाचल्याबद्दल कैद भोगलेल्या, प्रसंगी प्राणासही मुकलेल्या माणसांची स्मृती पुढे कथाकादंबऱ्यांनी जपली, यात नवल नाही; नवल हे, की तैपेईतील रेड कँडल गेम्स या चिमुकल्या कंपनीने तेच कार्य व्हिडिओ गेमकडून करवून घेतले.

जानेवारी २०१७ मधला त्यांचा पहिलाच खेळ, ‘डिटेन्शन’, बाह्यतः भयकथा आहे: १९६०च्या दशकातील एक डोंगराळ शाळा, वादळाने खुंटलेली वाट, आणि तैवानी लोकश्रद्धेतून आलेली भुते, जी समोर येताच श्वास रोखून उभे राहायचे, कारण हाती शस्त्र दिलेलेच नाही. फांग रे-शिन या विद्यार्थिनीला घेऊन खेळाडू एकेक कोडे सोडवीत जातो, तिच्याविषयी त्याला कणव वाटू लागते. आणि मग उलगडते, की शाळेतील गुप्त वाचनमंडळाची खबर लष्करी शिक्षकाला देणारी ती स्वतःच होती. हेतू राजकीय नव्हता. ज्या शिक्षकावर तिचे प्रेम होते तो मंडळ चालविणाऱ्या शिक्षिकेकडे वळला, या संशयातून उपजलेला तो मत्सर होता. परंतु सरकारदरबारी मत्सराची फिर्याद आणि राजनिष्ठेची फिर्याद एकाच नमुन्यावर लिहिली जाते. शिक्षकाला देहदंड झाला, शिक्षिका परागंदा झाली, आणि विश्वासाने फांगच्या हाती मंडळाच्या पुस्तकांची यादी देणारा मुलगा तुरुंगात गेला.

कादंबरीचा वाचक फांगचा निवाडा दुरून करू शकतो. येथे ती सवलत नाही, कारण इतका वेळ तिची पावले खेळाडूच टाकीत होता, आणि शेवटच्या प्रश्नांना तो जी उत्तरे देतो त्यांवरच तिने अपराध कबूल केला की नाकारला, हे ठरते. नाकारला, तर तोच फेरा पुन्हा. या माध्यमाचे स्वत्व मला येथे दिसते. चित्रांकनाच्या झगमगाटात (ज्याचा या धंद्यात सुकाळ आहे) नव्हे.

२०१९ मध्ये या कथेवर चित्रपट निघाला. त्याच वर्षी आलेला ‘डिव्होशन’ हा दुसरा खेळ १९८०च्या दशकातील तैपेईच्या एका घरात, अंधश्रद्ध पित्यापायी होरपळलेल्या मुलीची कथा सांगतो. पण त्यातील भिंतीवरच्या एका ताइतावर चीनच्या राष्ट्राध्यक्षांची टवाळी आढळली, चिनी खेळाडू खवळले, आणि कंपनीने माफी मागूनही आठवड्याभरात खेळ विक्रीतून काढून घ्यावा लागला. पुढे हार्वर्ड विद्यापीठाच्या येनचिंग ग्रंथालयाने दोन्ही खेळ संग्रही घेतले, आणि २०२१ मध्ये कंपनीने ‘डिव्होशन’ स्वतःच्याच संकेतस्थळावर विकावयास काढला. २०२४चा ‘नाइन सोल्स’ मात्र सरळ तलवारबाजीचा आहे, आणि त्यात विवेकापेक्षा बोटांची परीक्षा अधिक होते.