घाटात घर ओढायचं तर कोणती पिकअप?

भोर आणि वेल्हे, म्हणजे आताचा राजगड तालुका, इथल्या रस्त्यांवर पिकअप नाही असा दिवस जात नाही. सुगीनंतर इंद्रायणी तांदळाची पोती, पहाटे दुधाचे कॅन, शनिवार आला की पानशेत-भाटघरच्या काठी निघालेले तंबू. राज्याने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. या डोंगरात मागे चाकांवरचं घर जोडून यायचं झालं, तर ते ओढायला कोणती गाडी घ्यावी?

गावाकडे गाडीचं मोजमाप पोत्यात होतं. पन्नास किलोचं पोतं धरलं तर पाऊण टनाचा छोटा हत्ती पंधरा पोती घेतो, 1.3 टनाची बोलेरो पिकअप सव्वीस, टाटाची दोन टनी योद्धा चाळीस. पण हा हौद्यातल्या मालाचा हिशोब आहे, ओढण्याचा नव्हे.

ओढताना गाडीवर वेगळाच भार येतो. दीड टनाच्या ट्रेलरचा साधारण दहावा हिस्सा, म्हणजे दीडशे किलो, थेट हुकावर बसतो आणि तेवढा हौद्याच्या क्षमतेतून वजा होतो. हुकावर वजन फारच कमी पडलं तर ट्रेलर शेपटीसारखा हलू लागतो. जास्त पडलं तर पुढची चाकं हलकी होतात आणि वळणावर स्टिअरिंगला पकड राहत नाही. पाबे घाटात चढताना हे फार धोक्याचं.

ताकदीत गाड्यांमधला फरक मोठा आहे. योद्धाचं 2.2 लिटर इंजिन 100 हॉर्सपॉवर देतं. इसुझू व्ही-क्रॉसचं 1.9 लिटर इंजिन 163, तर टोयोटा हायलक्सचं 2.8 लिटर इंजिन 204. योद्धा आणि बोलेरोचे मागचे पाटे दणकट असतात, पण ते ओझं वाहण्यासाठी. ओढायला व्ही-क्रॉस किंवा हायलक्सच हवी, आणि त्यातही फोर बाय फोर. तरीही गाडी घेण्याआधी कंपनीने ओढण्यासाठी किती वजनाची मुभा दिली आहे, ते कागदावर बघून घ्यावं. ट्रेलर हे कायद्याने स्वतंत्र वाहन असल्याने त्याची नोंदणीही वेगळी लागते.

खरी परीक्षा उतारावर होते. जड ट्रेलर मागून ढकलत राहतो, ब्रेक तापतात आणि दाबूनही धरत नाहीत. म्हणून ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असलेले बरे. काहींत गाडी मंदावली की ट्रेलर पुढे सरकून हुकावर दाब देतो आणि त्याच दाबाने त्याचे ब्रेक लागतात. ज्या गिअरमध्ये चढ चढला, त्याच गिअरमध्ये उतरावं. न्यूट्रल मुळीच नको.

मार्गही तोलून निवडावा. कापूरहोळवरून भोर गाठून भाटघरपर्यंत जाणं तुलनेने सोपं आहे. महाडकडे उतरणारा वरंधा घाट मात्र अरुंद, आणि पावसाळ्यात दरडींमुळे वारंवार बंद ठेवावा लागतो. एक टनाच्या आतला छोटा ट्रेलर असला तरी तिकडे नेऊ नये.

वेल्ह्याच्या आतल्या रस्त्यांवर समोरून एसटी आली की कुणाला तरी मागे जावंच लागतं. ट्रेलर जोडलेला असताना मागे घ्यायला स्टिअरिंग उलट बाजूला फिरवावं लागतं. मोकळ्या माळावर हा सराव आधी करून घ्यावा आणि मागे बघायला सोबतीला माणूस ठेवावा.