फेंपरें आणि स्वयंपाकघर

अपस्मार, म्हणजे लोकभाषेंतील फेंपरें, हा भुताखेतांचा कोप असें मानण्याचे दिवस सरत आले. पण तो पुष्कळदां टाळतां येतो, हें अजून फारसें कोणी मनावर घेत नाहीं. जगांत सुमारें ५ कोटि लोकांस हा विकार आहे. त्यांपैकीं चौथा हिस्सा टाळण्यासारखा आहे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

डुकराच्या मांसांतून येणारा पट्टकृमि हें त्याचें एक मोठें कारण होय. तें मांस अर्धवट शिजलेलें खाणाऱ्याच्या आंतड्यांत हा कृमि वाढतो व त्याचीं अंडीं मळावाटे बाहेर पडतात. तीं दुसऱ्याच्या पोटांत गेलीं, कीं त्यांतून निघालेले गर्भकृमि रक्तावाटे मेंदूंत शिरून तेथें गांठी करतात. म्हणजे मांस खाणारा एक, आणि फेंपरें येणारा निराळाच! शाकाहारी कुटुंबास आपण निर्धास्त आहों असें वाटणें साहजिक आहे; परंतु न धुतलेल्या हातांनीं कालवलेली कोशिंबीर किंवा मैल्याच्या पाण्यावर वाढलेली कोथिंबीर सोवळेंओवळें जाणत नाहीं. हिंदुस्थानांत चाकरी करून परतलेल्या कित्येक ब्रिटिश शिपायांस पुढें वर्षांनीं झटके येऊं लागले, हें १९३० नंतरच्या दशकांत तेथील वैद्यांस आढळलें.

डोक्यास मार, प्रसूतींतील हयगय, वाढलेला रक्तदाब हींही कारणें आहेतच. शिरस्त्राण, कुशल सुईण व वेळेवर तपासणी हे त्यांवरचे उपाय. कृमीसाठीं मात्र साबण, पायखाना व स्वच्छ पाणी हवें. कृमि बाळगणाऱ्यास औषधाच्या एका मात्रेनें बहुधा मुक्तता मिळते, आणि त्याच्या पंक्तीस जेवणाऱ्यांचाही धोका टळतो.