बरोबरीचा प्रतिस्पर्धी

खेळ आणि बुद्धी : लेखांक सहावा

मागील लेखांकात फाशांच्या दानावर चालणारा सारीपाट आणि केवळ बुद्धीवर चालणारे बुद्धिबळ यांतील भेदाचा विचार आपण केला. पहिल्यात दैवाचा अंश असतो आणि दुसऱ्यात तो जवळजवळ नसतो, इतके त्यातून निष्पन्न झाले. परंतु पराभवाचे खापर फोडावयास जेथे दैवही उरत नाही, असे डावपेचांचे खेळ माणसे हौसेने, आणि आता तर कधी न पाहिलेल्या परक्या माणसांशी मोबाइलच्या पडद्यावर, तासन्‌तास का खेळतात, हा प्रश्न शिल्लक राहिला. त्याचे उत्तर आज शोधावयाचे आहे, आणि ते शोधताना पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी हे दोन तालुके नजरेसमोर ठेवावयाचे आहेत. कारण या खेळांनी माणसाला नव्याने काय दिले, हे महानगरापेक्षा अशा मुलुखात अधिक स्पष्ट दिसते.

डहाणूची पश्चिम बाजू समुद्र, रेल्वे आणि चिकूच्या वाड्या यांनी गजबजलेली आहे. पूर्वेकडे जावे तसतशी वस्ती पाड्यापाड्यांत विखुरत जाते. तलासरी गुजरातच्या सरहद्दीला लागून, मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वसलेली आहे. परंतु महामार्ग सोडून आत वळले की तेथेही पाडेच लागतात. अशा पाड्यावरील किंवा आश्रमशाळेतील एखाद्या मुलाला बुद्धिबळाची गोडी लागली, असे समजू. काही महिन्यांत तो सोबत्यांना हरवू लागेल, पुढे शिकवणाऱ्या गुरुजींनाही हरवील, आणि ज्या दिवशी आसपासच्या सर्वांना तो सहज हरवू लागेल त्याच दिवशी त्याची गोडी उणावू लागेल. कारण ज्या डावाचा निकाल मांडणीपूर्वीच ठाऊक असतो, त्यात मन गुंतत नाही. भाऊसाहेब पडसलगीकरांनी सांगलीत नूतन बुद्धिबळ मंडळाच्या द्वारे जे कार्य केले, त्याचे मोठे मोल याच ठिकाणी आहे: तेथे शिक्षण तर मिळालेच, परंतु तोडीस तोड खेळणारी माणसे एका छताखाली आली. सांगलीत जे संस्थेने केले, ते पाड्यावरील मुलाकरिता आता एका गणिती पद्धतीने साधले आहे.

ही पद्धत आर्पाड एलो या हंगेरीत जन्मलेल्या अमेरिकन भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाने सिद्ध केली. अमेरिकेच्या बुद्धिबळ महासंघाने ती १९६० मध्ये आणि जागतिक महासंघाने १९७० मध्ये स्वीकारली. तिचे तत्त्व सोपे आहे. प्रत्येक खेळाडूच्या नावे एक गुणांकन असते, आणि दोघांच्या गुणांकनांतील अंतरावरून निकालाची अपेक्षा वर्तवता येते. अंतर शून्य असेल तर दोघांचीही अपेक्षा निम्मी. २०० गुणांचे असेल तर वरचढ खेळाडूला शंभर डावांत सुमारे ७६ गुण, आणि ४०० चे असेल तर सुमारे ९१ गुण मिळण्याची अपेक्षा धरली जाते. येथे विजयाचा एक गुण आणि बरोबरीचा अर्धा, असा हिशेब आहे. आता एका डावामागे गुणांकनातील बदलाची कमाल मर्यादा २० धरली, तर बरोबरीच्या प्रतिस्पर्ध्याला हरवणाऱ्यास १० गुण मिळतात. २०० गुणांनी दुबळ्या खेळाडूला हरवल्यास जेमतेम ५ मिळतात आणि त्याच्याकडून हार पत्करल्यास सुमारे १५ गमवावे लागतात. दुबळ्याला हरवून मोठेपणा मिरवण्याची वाट या हिशेबाने बंद केली आहे. आखाड्यात पंच मल्लांचे वजन आणि अंगकाठी पाहून कुस्तीची जोड लावतात, तेच काम ऑनलाइन खेळात हे गुणांकन काही क्षणांत करते. बुद्धिबळाखेरीज डावपेचांच्या इतर अनेक ऑनलाइन स्पर्धांतही जोड लावण्याकरिता हीच किंवा हिच्यावरून बेतलेली पद्धत वापरतात.

या व्यवस्थेचा एक परिणाम पालकांच्या सहसा ध्यानात येत नाही. जोड जर खरोखर बरोबरीची लागत असेल, तर खेळाडू कितीही तयारीचा असो, त्याचा हिशेब निम्म्याच्या आसपासच राहणार. मुलगा वर्षभर मन लावून खेळला, त्याचे गुणांकन वाढले, तरी त्याच्या पराभवांचे प्रमाण फारसे घटणार नाही. बदलेल ती प्रतिस्पर्ध्यांची योग्यता. म्हणून ‘इतका वेळ घालवतोस आणि तरी हरतोसच’ हा घरोघरी ऐकू येणारा ठपका अन्यायाचा आहे. ज्याला निम्मे डाव गमवावे लागत आहेत, तो आपल्या योग्य जागी खेळत आहे. मनाला लागणारी ओढही त्यातूनच उपजते: विजय आवाक्यात असतो, परंतु हातात आलेला नसतो, आणि या दोहोंमधील अंतर केवळ आपल्या पुढच्या खेळीने भरून काढावयाचे असते.

पुढची खेळी ठरवणे, हा या आनंदाचा दुसरा आधार होय. बुद्धिबळात पहिल्याच खेळीसाठी पांढऱ्यापुढे २० पर्याय असतात, काळ्यालाही २०. म्हणजे दोघांची एकेक खेळी होताच ४०० निरनिराळ्या स्थिती संभवतात. पुढचा विस्तार कोणाच्याही बुद्धीत मावणारा नाही. १९९८ सालच्या स्टारक्राफ्टसारख्या युद्धखेळांत तर शत्रूच्या हालचाली झाकलेल्या असतात. हेर पाठवून त्या उघड कराव्या लागतात, आणि साधनसामग्री सैन्यावर खर्चावी की खाणींवर, याचा फैसला अपुऱ्या माहितीवर व घड्याळाच्या तगाद्याखाली करावा लागतो. ज्या मुलाच्या दिनक्रमातील बहुतेक निर्णय वडीलधारी माणसे घेतात, त्याला येथे पूर्ण अधिकार आणि पूर्ण जबाबदारी एकदमच मिळते. त्याने घेतलेल्या निर्णयाचे फळ काही मिनिटांत त्याच्या पदरात पडते.

मात्र हे फळ निर्णयाचेच असले पाहिजे. या अटीचे महत्त्व २०२० सालच्या ऑनलाइन बुद्धिबळ ऑलिंपियाडने जगाला दाखवले. नाशिकचा विदित गुजराथी भारतीय संघाचा कर्णधार होता आणि नागपूरची दिव्या देशमुख, तेव्हा अवघी चौदा वर्षांची, संघात होती. ३० ऑगस्ट रोजी रशियाविरुद्धच्या अंतिम सामन्याची पहिली फेरी ३–३ अशी बरोबरीत सुटली; दुसऱ्या फेरीत इंटरनेटच्या जागतिक बिघाडामुळे निहाल सरीन आणि दिव्या यांचा संपर्क तुटला व ते दोघे वेळेअभावी डाव हरले. भारताने तक्रार गुदरली आणि जागतिक महासंघाने दोन्ही देशांना संयुक्त विजेते घोषित केले. तांत्रिक नियमावर बोट ठेवून रशियाला एकट्याला विजयी ठरवता आले असते. परंतु चालीने न झालेली हार ही हार नव्हे, हे तत्त्व त्या निर्णयाने मान्य झाले. पाड्यावर ऐन डावात रेंज जाते तेव्हा मुलगा चिडतो, त्याचे कारणही हेच. स्वतःच्या चुकीने आलेला पराभव काही शिकवून जातो. तुटलेल्या संपर्काने आलेला पराभव केवळ गाऱ्हाणे मागे ठेवतो. त्याच दिव्याने पुढे २८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातील बाटुमी येथे कोनेरू हंपीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला.

पराभवातून शिकण्याची सोयही येथे सिद्ध आहे. प्रत्येक डावाचे दफ्तर खेळीनिशी जतन होते, आणि डाव कोठे हातचा गेला ते संगणक नेमके दाखवून देतो. थिबो द्युप्लेसी या फ्रेंच तरुणाने २०१० मध्ये सुरू केलेले ‘लीचेस’ हे संकेतस्थळ हे सर्व विनाशुल्क देते. ते देणग्यांवर चालते आणि तेथे जाहिराती नाहीत. ज्या घरात शिकवणीची फी परवडत नाही, त्या घराच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नव्हे.

या गुणांबरोबर एक धोका आहे, तो लपवून चालणार नाही. पुढची जोड क्षणात लागत असल्याने हरलेला मुलगा रागाच्या भरात दुसरा, तिसरा, चौथा डाव खेळत सुटतो, आणि विचार न करता खेळलेल्या त्या डावांत आनंदही नसतो व शिक्षणही नसते. त्याहून घातक म्हणजे डावावर लावलेला पैसा. पैसा लागला की लक्ष खेळीवरून रकमेकडे वळते, आणि ज्या निर्भय निर्णयासाठी हा खेळ खेळावयाचा तोच अशक्य होतो. पैशांच्या ऑनलाइन खेळांना मनाई करणारा आणि ई-स्पोर्ट्सना उत्तेजन देणारा केंद्राचा कायदा २०२५ च्या ऑगस्टमध्ये झाला. त्याने या दोहोंत घातलेली सीमारेषा मला सर्वथा योग्य वाटते.

म्हणून डहाणू-तलासरीतील आणि अन्यत्रही असलेल्या पालकांना व शिक्षकांना माझी विनंती आहे, की मुलाच्या हातातील पडद्यावर कोणता खेळ चालला आहे हे आधी पाहावे; तो बरोबरीच्या प्रतिस्पर्ध्याशी, पैशावाचून चाललेला डावपेचांचा खेळ असेल, तर त्याला ठराविक मुदत घालून द्यावी, परंतु बंदीचा हुकूम काढू नये. आणि डाव संपल्यावर ‘जिंकलास की हरलास’ असे न विचारता ‘कोणती खेळी चुकली’ असे विचारावे.