मान खाली, नजर वर
हिरव्या कापडावर : लेखांक १४

या लेखमालेत बिलियर्ड्सपटू विल्सन जोन्स आज न्यूझीलंडला पोहोचायचे होते. १९५८ सालच्या कलकत्त्याच्या जागतिक विजेतेपदापाशी आपण त्यांना सोडलं आणि १९६४ चं दुसरं विजेतेपद या आठवड्यात सांगेन, असं मी कबूल केलं होतं. ते एक आठवडा पुढे ढकलतो. कारण बल्लारपूरहून आलेलं एक पत्र. ते वाचल्यापासून दुसरं काही सुचत नाही.

पत्र लिहिणारे गृहस्थ अठ्ठावन्न वर्षांचे आहेत, कागद कारखान्यातून निवृत्त झालेले. तीस वर्षं क्लबात स्नूकर खेळले. गेल्या दोन वर्षांपासून लांबचे पॉट जात नाहीत. जवळचे जातात, मधल्या पॉकेटातले जातात, पण टेबलाच्या या टोकापासून त्या टोकाला मारलेला लाल बॉल पॉकेटच्या जबड्याला लागून परत येतो. त्यांनी क्यूचं टिप बदललं. कोपर तपासून घेतलं. मित्रांनी सांगितलं म्हणून पाय ठेवण्याची जागा बदलली. आणि पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता लिहावं तसं हे : ‘चष्मा बदलला त्याच सुमाराला हे सुरू झालं. पण दोष चष्म्याचा नसावा, कारण दुकानात मी तक्त्यावरची शेवटची ओळसुद्धा घडाघडा वाचली होती.’

उत्तर या शेवटच्या ओळीतच आहे. दुकानातला तक्ता आपण खुर्चीत ताठ बसून, नाकासमोर बघून वाचतो. स्नूकर असं कोणी खेळत नाही.

आता उठा आणि घरातल्या जेवणाच्या टेबलावर क्यू धरल्यासारखे वाका. हनुवटी क्यूला टेकेपर्यंत. मान खाली गेली, पण बघायचंय समोर, तीन-साडेतीन मीटरवर. म्हणजे बुबुळं वर चढवावी लागतात, भुवयांच्या खालून बघावं लागतं. चष्मा असेल तर तुम्ही काचेच्या मध्यातून बघतच नाही आहात. वरच्या कडेतून बघता आहात, किंवा फ्रेमची वरची दांडीच बरोबर बॉलच्या आड येते आहे. ज्या अरुंद, आडव्या फ्रेमा असतात त्यांत तर काचेच्या वरून, उघड्या डोळ्यांनीच बघणं होतं. आपल्या लक्षातही येत नाही, कारण डोकं थोडं वर उचलून शरीर स्वतःच तडजोड करून घेतं. डोकं वर उचललं की खांदा हलतो, खांदा हलला की क्यू वाकडा जातो. आणि दोष जातो कोपराकडे.

हे मी अनुभवाने सांगतो. चाळिशी लागली तेव्हा एका शहरातल्या मोठ्या दुकानातून मी प्रोग्रेसिव्ह काचा करून घेतल्या. ‘एकाच चष्म्यात सगळं’ असं सांगण्यात आलं, मीही मान डोलावली. पुढची दोन वर्षं मी माझा हात गेला असं समजून चाललो होतो. रोज तासभर एकट्याने सरळ रेषेत पांढरा मारण्याचा सराव केला. सराव वाया गेला असं म्हणत नाही, पण रोग हातात नव्हता.

प्रोग्रेसिव्हचं नेमकं काय बिघडतं, ते नीट समजून घ्या, कारण पत्रलेखकांनी बहुधा त्याच घेतल्या आहेत. या काचेचा वरचा भाग दूरचं बघायला, खालचा वाचायला आणि दोन्ही बाजूंना एक पट्टा असा असतो, की तिथून बघितलं तर सरळ रेघ वाकडी दिसते. वरचा भाग दूरचाच आहे, मग अडचण काय? अडचण उभं असताना आहे. पॉटचा कोन आपण वाकल्यावर ठरवत नाही. पांढऱ्या बॉलच्या मागे ताठ उभे राहून ठरवतो, आणि मग त्या रेषेत शरीर खाली नेतो. उभं असताना टेबल आपल्या नजरेच्या खाली असतं, म्हणजे आपण काचेच्या खालच्या, वाचायच्या भागातून तीन मीटरवरचा लाल बघतो. तो धूसर दिसतो, आणि लांब कुशनची कड किंचित वाकलेली. चुकीची रेषा ठरवून आपण खाली जातो, तिथे काचेच्या वरच्या टोकातून दुसरंच चित्र दिसतं. दोन चित्रं जुळेनात म्हणून हात शेवटच्या क्षणी सावरायला जातो. बायफोकलची गतही तीच, उलट त्यात मधली रेघ आणखी छळते.

कॅरमला हे काही जाणवत नाही. चंद्रपुरात पानठेल्याच्या मागे रात्री दिव्याखाली जे खेळतात त्यांतले कितीतरी जण साठीचे आहेत, आणि त्यांचा बायफोकल त्यांना त्रास देत नाही. कॅरमचा बोर्ड खाली आणि जवळ, स्ट्रायकर तर हाताच्या अंतरावर. वाचायचा भाग तिथे कामालाच येतो. म्हणून ‘कॅरम तर अजून तसाच खेळतो, मग स्नूकरलाच काय झालं?’ हा प्रश्न पडतो. पत्रातही तो आहे.

आता थोडं गणित. जिथे माझं खरं मन रमतं ती गोष्ट ही आहे, तेव्हा थोडा धीर धरा.

भिंग समोरून सरळ बघायला घासलेलं असतं. त्यातून तिरकं बघितलं की त्याचा नंबर बदलतो. समजा तुमचा नंबर मायनस ४ आहे आणि वाकल्यावर तुम्ही काचेतून ३० अंश तिरके बघता. काचेच्या मूळ नंबरात तर थोडी वाढ होतेच, शिवाय जो तुम्हाला मुळात नव्हताच असा सव्वापेक्षा जास्त सिलिंडर नंबर तयार होतो. म्हणजे खेळताना प्रत्येक वेळी तुमच्या डोळ्यावर दुसऱ्याच कुणाचा तरी चष्मा येतो. त्यातून फ्रेमा मुळातच अशा बसवलेल्या असतात की काचेची खालची कड गालाकडे कललेली राहते. वाचायला ते सोयीचं. आपल्याला हवं ते याच्या बरोबर उलट.

दुसरी गोष्ट, दोन डोळ्यांचे नंबर वेगळे असतील तर. काचेच्या मध्यापासून दीड सेंटिमीटर वरून बघितलं, की मायनस ४ ची काच चित्र जितकं सरकवते त्याच्या निम्मंच मायनस २ ची सरकवते. एका डोळ्याचा लाल वर, दुसऱ्याचा खाली. मेंदू काही वेळ ओढूनताणून दोन्ही एकत्र धरतो. स्नूकरच्या दोन फ्रेमनंतर डोकं दुखायला लागतं, तिसऱ्याला लाल दुहेरी दिसतो.

हे कोडं सोडवायला फार शहाणी माणसं लागली आहेत. स्नूकरपटू फ्रेड डेव्हिस १९३७ च्या जागतिक स्पर्धेत बिल विदर्सकडून हरला, आणि मग डोळे तपासायला गेला. नजर अधू झालेली होती. त्याने असा चष्मा करून घेतला की काचा बिजागरीवर पुढेमागे कलवता येतील. वाकल्यावर काच नजरेला तिरकी नाही, समोरासमोर यावी म्हणून. त्यानंतर तीन वर्षांत तो अंतिम सामन्यात होता, आणि थोरल्या भावाकडून, जो डेव्हिसकडून, ३७-३६ ने हरला. पुढे तो स्वतः जगज्जेता झाला, आणि १९७८ साली चौसष्टाव्या वर्षी जागतिक स्पर्धेच्या उपांत्य फेरीत खेळला. मला त्या चौसष्टाव्या वर्षाचं मोल त्याच्या विजेतेपदांपेक्षा अधिक वाटतं.

भावाची गोष्ट आणखी निराळी. जो डेव्हिसचा उजवा डोळा कमजोर होता. त्याने क्यू डाव्या डोळ्याखाली घेतला आणि १९२७ ते १९४६ या काळात जागतिक अजिंक्यपद पंधरा वेळा जिंकलं. क्यू हनुवटीच्या मधोमध पाहिजे असं तुम्हाला कुणी सांगत असेल, तर त्याला हे सांगा. दोन्ही हातांच्या बोटांनी छोटं भोक करून त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला घड्याळ भोकातच राहतं तो तुमचा नेम धरणारा डोळा. क्यू त्याच्याजवळून जाऊ द्या.

आणि डेनिस टेलर. त्याचा तो मोठा, उलटा घातल्यासारखा दिसणारा चष्मा सगळ्यांनी फोटोत पाहिला आहे. तो जॅक कार्नेम या जुन्या खेळाडूने करून दिला होता, त्याचा घरचा धंदाच चष्म्यांचा. काचा खूप खोल, भुवयांच्याही वर गेलेल्या, आणि वाकल्यावर नजरेला समोरासमोर येतील अशा कललेल्या. १९८५ च्या जागतिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात टेलर स्टीव्ह डेव्हिसविरुद्ध ०-८ ने मागे होता. शेवटच्या फ्रेमच्या शेवटच्या काळ्यावर तो १८-१७ ने जिंकला. संपूर्ण सामन्यात तो पुढे गेला तो त्या एका काळ्यावरच.

आता तसा चष्मा गडचिरोलीत किंवा सिरोंच्यात कुठून आणायचा, हा प्रश्न रास्त आहे. तो आणायची गरजही नाही. मी जे केलं ते सांगतो. मी क्यू घेऊन चष्म्याच्या दुकानात गेलो. जुनी, उंच काचांची फ्रेम मागितली, पोलीस इन्स्पेक्टर घालतात तशी. ती कोऱ्या काचांसकट डोळ्यावर चढवली, दुकानाच्या काउंटरवर क्यू टेकवून खेळतो तसा वाकलो, आणि दुकानदाराला म्हटलं, समोर खाली बसा आणि माझी बुबुळं जिथे दिसतात तिथे काचेवर स्केचपेनने ठिपका द्या. ठिपका काचेच्या मध्यापासून बोटभर वर आला. काचेचा मध्य तिथे घ्यायला लावला, दूरचा एकच नंबर, आणि वरची कड जरा आत झुकवून. दुकानदार तरुण होता. त्याला हे नवीन होतं, पण त्याने मनापासून केलं. पहिल्याच संध्याकाळी लाल कडा धरून दिसले.

एकच नंबर का? अंतरं बघा. वाकल्यावर पांढरा बॉल डोळ्यापासून सुमारे मीटरभर, लांबचा लाल चारेक मीटर. मीटरभरावरचं बघायला डोळ्याला एक नंबराइतका जोर लावावा लागतो, चार मीटरवरच्याला पाव. पन्नाशीत एवढा जोर डोळ्यात सहसा शिल्लक असतो. साठीकडे झुकल्यावर कमी पडतो, तेव्हा दूरच्या नंबरात पाव-अर्धा प्लस मिळवून बघतात. ते तपासणाऱ्यासमोर, अंतर मोजून ठरवा. पत्रलेखकांचं वय बघता त्यांना हे लागेल असं वाटतं. ब्रेकचा हिशेब फळ्यावर वाचायला निराळा चष्मा खिशात ठेवा.

आपल्याकडची एक गोष्ट पुस्तकांत नसते. मे महिन्यात आपल्या चंद्रपुरात पंखा फक्त गरम हवा ढवळतो. कपाळावरचा घाम नाकावर उतरतो, नाकावरून चष्मा घसरतो, आणि बोटभर घसरला की वर मांडलेलं सगळं गणित गेलं. मागे डोरी बांधा. दुर्गापूर, पद्मापूर, घुग्घूसकडच्या मंडळींच्या काचांवर कोळशाची धूळ बसते. ती कोरड्या रुमालाने पुसू नका, चरे पडतात. आधी पाण्याखाली धरा. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी नेम धरताना पापणी मिटायची आपण विसरतो हे ध्यानात ठेवावं. कूलरच्या झोतात तर डोळा पाच मिनिटांत कोरडा पडतो.

वडसा-देसाईगंजच्या एका तरुण वाचकाचाही प्रश्न पडून होता. लाल बॉलांच्या घोळक्यात तपकिरी आला की त्याला तो ओळखू येत नाही, लाज वाटते म्हणून तो विचारत नाही. विचारावं. २००२ चा जगज्जेता पीटर एब्डन रंगांध आहे आणि तो पंचांना विचारून घेत असे. पंचाने बॉलचा रंग सांगणं नियमात बसतं. इंग्लंडमध्ये २०१५ पासून दिव्यांग खेळाडूंसाठी ज्या स्पर्धा होतात त्यांत दृष्टिदोष असलेल्यांचा स्वतंत्र गट आहे.

मात्र रंग पूर्वी ओळखू येत होते आणि आता फिके, पिवळट दिसतात, दिव्याभोवती वलय दिसतं, असं असेल तर ते मोतीबिंदूचं लक्षण असू शकतं. तिथे चष्मेवाला पुरेसा नाही, डॉक्टर हवा. शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना आपण स्नूकर खेळतो हे सांगा. आत बसवायची लेन्स कोणत्या अंतरासाठी घ्यायची हे त्यावर ठरतं, आणि ती नंतर बदलणं सोपं नसतं. मधुमेह असेल किंवा घरात सिकलसेल असेल, आणि आपल्या चंद्रपूर-गडचिरोली या दोन जिल्ह्यांत तो कितीतरी घरांत आहे, तर डोळ्याचा पडदाही तपासून घ्या. पडद्याचा आजार सुरुवातीला दुखत नाही, खुपत नाही.

बल्लारपूरच्या वाचकांना विनंती : क्यू बदलू नका, कोपर बदलू नका. क्यू घेऊन दुकानात जा आणि काय झालं ते मला कळवा. जोन्स पुढच्या आठवड्यात.