टोपली नव्हे, जोखमीतला वाटा

अलिबाग-मुरूड पट्ट्यात घरची शेती सांभाळू पाहणारी तरुण मंडळी हल्ली 'कम्युनिटी सपोर्टेड अ‍ॅग्रिकल्चर'बद्दल विचारतात. मी तिला वर्गणीची शेती म्हणते. काही घरं हंगामाआधी पैसे भरतात आणि मग दर आठवड्याला शेतात जे पिकेल त्याचा वाटा नेतात. कल्पना सोपी असली, तरी तिच्याभोवती गैरसमज बरेच आहेत.

"म्हणजे सेंद्रिय भाजी घरपोच!"

नाही. घरपोच भाजीत गिऱ्हाईक भाजीची किंमत देतं. वर्गणीत सभासद हंगामाचा खर्च उचलतो आणि पीक बुडालं तर त्याचीही टोपली हलकी होते. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं. श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-सुपारीच्या वाड्या एका दुपारीत आडव्या झाल्या. नवी सुपारी फळाला यायला पाच-सात वर्षं लागतात, आणि ती वर्षं एकट्या वाडीवाल्याने काढायची असतात. ही जोखीम खाणाऱ्यांमध्ये वाटली जावी, हाच या पद्धतीचा गाभा आहे.

याच मातीत उलटा व्यवहारही होऊन गेला आहे. खोतीत, म्हणजे खोत कुळांकडून जमीन कसून घेई त्या पद्धतीत, पीक आलं की खोताचा वाटा आधी निघे, बुडालं की थकबाकी कुळाच्या माथी. त्याविरुद्ध 1933 साली चरी गावात नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. सुमारे सहा वर्षं कुळांनी खोतांची शेतं कसली नाहीत. म्हणून वर्गणीच्या शेतीला 'परदेशी खूळ' म्हटलेलं मला पटत नाही. जपानमध्ये 1970 च्या दशकात 'तेइकेई' नावाने आणि अमेरिकेत 1986 पासून ती रुजली हे खरं. पण नुकसान कोणी सोसायचं, हा तिच्या मुळाशी असलेला प्रश्न चरीच्या कुळांनी त्याआधीच विचारला होता.

मात्र नुकसानीत वाटा मागायचा तर शेतकऱ्याने हिशेबाची वही उघडी ठेवली पाहिजे. रोपं किडीने गेली की वेळेवर पाणी न दिल्याने, हे सभासदांना कळायलाच हवं.

"जमीन तयार आहे, घरं मिळतील हळूहळू."

आधी घरं, मग वाफे. समजा, हंगामाचा सगळा खर्च, तुमच्या मजुरीसकट, 3 लाख रुपये आहे आणि घरं 25. मग वर्गणी 12 हजार, म्हणजे 20 आठवड्यांच्या हंगामात आठवड्याला 600 रुपये. बहुतेक जण इथे स्वतःची मजुरी धरत नाहीत आणि दुसऱ्या वर्षी दमून सोडतात. प्रत्येक घराला अर्धा किलो भेंडी द्यायची तर आठवड्याला साडेबारा किलो लागते. तीही दर आठवड्याला, म्हणून पेरणी एकदम न करता टप्प्याटप्प्याने. शिकायचं खरं हेच आहे.

"बारा महिने टोपली भरेल."

रायगड जिल्ह्यात सरासरी 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. तेव्हा जमीन भाताची असते. मांडवावर काकडी, शिराळी, पडवळ होतात आणि रानातला टाकळा-कंटोली येतो, पण पालेभाजीचे वाफे धुपून जातात. टोपलीचा खरा हंगाम भातकापणीनंतरचा: वाल, मुळा, वांगी, आणि फेब्रुवारी-मार्चात निघणारा अलिबागचा पांढरा कांदा. त्याची माळ बांधली की तो घरात टांगून टिकतो, म्हणून हंगामाच्या शेवटच्या टोपल्यांना तो फार उपयोगी. मुंबईत 'हरी भरी टोकरी'ने आसपासच्या शेतकऱ्यांचा माल आगाऊ वर्गणीवर शहरातल्या घरांपर्यंत नेला आहे. तिथल्या सभासदांनाही ऋतूप्रमाणे खायला शिकावं लागलं.

खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत, आणखी एक अडचण असते. बांध फुटला की भरतीचं पाणी शेतात येतं, आणि उन्हाळ्यात खालचा क्षार वर चढतो. गोड्या पाण्याची सोय नसेल तर तिथे भाजीची वर्गणी घेऊ नये, भाताची घ्यावी. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने क्षार सोसणाऱ्या भातजाती काढल्या आहेत. माती तपासायची तर रोह्याचं कृषी विज्ञान केंद्र आहे.

कायद्याची भीतीही उगाच. फळं-भाज्या 2016 पासून राज्यात बाजार समितीच्या नियमनातून मोकळ्या आहेत, त्यामुळे थेट विक्रीला अडथळा नाही. वर्गणीने सभासदाचं नाव सातबाऱ्यावर चढत नाही. त्याचा वाटा पिकात असतो, जमिनीत नव्हे. हे पहिल्याच बैठकीत, पैसे घेण्याआधी, कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात.